क्रमिक पुस्तकाबाहेरचा इतिहास : अमेरिकी बालकादंबरीच्या सत्तर वर्षांचा मागोवा

१९५१ साली सिडनी टेलर या लेखिकेचे 'ऑल-ऑफ-अ-काइंड फॅमिली' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. विसाव्या शतकाच्या आरंभीची अमेरिका मुलांना गोष्टीच्या रूपाने शिकविण्याचा जो प्रघात पुढे तेथील शाळांतून रूढ झाला, त्याचा मागोवा घ्यावयाचा तर प्रारंभ या पुस्तकापासून करणे मला उचित वाटते. तोवर अमेरिकी मुलांची ऐतिहासिक कादंबरी बहुधा स्वातंत्र्ययुद्धात तरी रमत असे, नाहीतर लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या पुस्तकांप्रमाणे पश्चिमेकडील माळरानांवर बैलगाड्या आणि लाकडी घरे यांच्या सहवासात तरी. टेलरबाईंनी वाचकाला न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या दाटीच्या वस्तीत नेऊन १९१२च्या सुमारास तेथे राहणाऱ्या एका ज्यू कुटुंबातील पाच बहिणींची ओळख करून दिली. वडिलांचे भंगारमालाचे दुकान आहे. मुलींनी झाडझूड मन लावून करावी म्हणून आई पुढच्या खोलीत बटणे लपवून ठेवते, आणि ज्या मुलीची पाळी असेल तिला ती शोधता शोधता कोपरा न् कोपरा पुसावा लागतो. परदेशातून आलेल्या गरीब कुटुंबाचे घर इतक्या जिव्हाळ्याने आणि इतक्या तपशिलाने मुलांच्या पुस्तकात अवतरणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

तथापि त्याच शहरात २५ मार्च १९११ रोजी ट्रँगल नावाच्या शिवणकामाच्या कारखान्याला लागलेल्या आगीत १४६ कामगार मृत्युमुखी पडले होते. त्यांत बहुसंख्य ज्यू आणि इटालियन तरुणी होत्या, आणि बाहेर पडण्याच्या एका दरवाजाला कुलूप असल्याने त्यांतील कित्येकींना वाटच उरली नव्हती. या पाच बहिणींच्या सुखी घरापर्यंत त्या आगीची झळ पोहोचत नाही. लेखिकेला आपल्या बालपणाची ऊब सांगावयाची होती व ती तिने प्रामाणिकपणे सांगितली. मात्र मार्गारेट पीटरसन हॅडिक्स यांच्या २००७ सालच्या 'अपरायझिंग' या मुलांच्या कादंबरीत तीच आग मध्यवर्ती विषय झाली, आणि या दोन पुस्तकांमधील छप्पन्न वर्षांत या वाङ्मयाचे स्वरूप समूळ पालटून गेले.

पालट कोठून झाला? १९६५ साली नॅन्सी लॅरिक या विदुषीने 'सॅटर्डे रिव्ह्यू' या साप्ताहिकात मुलांच्या पुस्तकांचा एक झाडा प्रसिद्ध केला. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत निघालेल्या ५,२०६ पुस्तकांपैकी ज्यांत एखादे तरी काळे मूल दिसते अशी पुस्तके शेकडा ६.७ भरली. तत्पूर्वी १९२८ साली मुलांच्या वाङ्मयासाठीचे न्यूबेरी पदक धनगोपाळ मुखर्जी या बंगाली लेखकाला मिळाले होते हे खरे. पण त्याच्या पाचच वर्षे आधी भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस अमेरिकेचे नागरिकत्व मिळण्यास पात्र नाही असा निवाडा दिला होता, व पदकाने तो निवाडा बदलला नाही. लॅरिकबाईंच्या आकड्यांनी प्रकाशकांना आणि ग्रंथपालांना जी जाग आणली, तिची फळे दहा वर्षांनी दिसू लागली. लॉरेन्स येप यांच्या १९७५च्या 'ड्रॅगनविंग्ज'मध्ये चीनहून सॅन फ्रान्सिस्कोला बापाकडे आलेला एक मुलगा १९०६चा भूकंप पाहतो. क्रमिक पुस्तकात दोन ओळींत आटोपणारा तो भूकंप येथे एका चिनी पोराच्या डोळ्यांसमोर घडतो.

पुढच्याच वर्षी मिल्ड्रेड टेलर यांची 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय' ही कादंबरी आली, आणि माझ्या मते या सबंध परंपरेचा कळस तोच होय. १९३३ साल, मिसिसिपी राज्य. लोगन कुटुंबाची स्वतःची जमीन आहे. भोवतालचे बहुतेक काळे शेतकरी मात्र गोऱ्या जमीनदारांकडे बटाईने राबतात. शाळेच्या पहिल्या दिवशी मुलांना पुस्तके वाटली जातात. नवी कोरी पुस्तके मिळतील या आनंदाने हरखलेला, कपड्यावर धुळीचा कण खपवून न घेणारा सहा वर्षांचा धाकटा भाऊ पुस्तक उघडतो आणि एकाएकी ते जमिनीवर फेकून देतो. त्याची बहीण कॅसी ते उचलून पाहते, तो आतल्या बाजूस एक तक्ता चिकटविलेला आढळतो. पुस्तक कोणत्या साली कोणत्या वंशाच्या विद्यार्थ्याला दिले आणि त्या वेळी त्याची अवस्था कशी होती, याची सालवार नोंद त्यात आहे. आरंभीचे सगळे रकाने गोऱ्या विद्यार्थ्यांचे, आणि दरसाल पुस्तकाची अवस्था खालावत चाललेली. बाराव्या वेळी, म्हणजे पुस्तक पार जीर्ण झाल्यावर, ते काळ्या मुलाच्या पदरी पडते, आणि त्याच्या वंशाच्या रकान्यात अवमानाचा शब्द लिहिलेला असतो. ज्याला नुकती कोठे अक्षरओळख झाली आहे अशा मुलाने आपल्या वाचनाच्या बळावर पहिल्याने काय वाचावे, तर हे! वंशभेदाच्या कायद्यांवर एखादे सबंध प्रकरण शिकवूनही मुलाच्या मनात जे उतरणार नाही, ते सरकारी दप्तरातील त्या एका तक्त्याने उतरते.

या मुलांची आई मेरी लोगन त्याच शाळेत शिक्षिका आहे. ती त्या तक्त्यांवर निमूटपणे कागद डकवून टाकते. पुढे ती वर्गात गुलामगिरीचा पाठ देत असता शाळामंडळाचे सभासद येऊन बसतात, त्यांतला जमीनदार हातातल्या पुस्तकात पाहून म्हणतो की बाई शिकवीत आहेत ते यात कोठेच नाही, आणि तिची नोकरी जाते. इतिहास शिकविण्यासाठी वर्गात आणलेली ही कादंबरी इतिहास कोणी व कोणत्या पुस्तकातून शिकवावा, याच प्रश्नाला हात घालते; आणि म्हणूनच १९७७चे न्यूबेरी पदक मिळाल्यानंतरही तिला शाळांतून आक्षेप सोसावे लागले यात नवल नाही.

मराठी वाचकाच्या मनात ऐतिहासिक कादंबरी म्हटली की हरिभाऊ आपट्यांपासून चालत आलेली गड, दरबार आणि स्वाऱ्या यांची चित्रे उभी राहतात. या पुस्तकांत राजा नाही, सेनापती नाही. मूल आहे, आणि त्याच्या घरचा जमाखर्च आहे.

ऐंशीच्या दशकाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात निर्मितीपेक्षा व्यवस्थाच अधिक झाली. १९८२ साली स्कॉट ओडेल यांच्या नावाने मुलांच्या ऐतिहासिक कादंबरीसाठी पारितोषिक स्थापन झाले. कॅलिफोर्नियाने १९८७ साली आखलेल्या इतिहासाच्या अभ्यासक्रमात वाङ्मयाला मानाचे स्थान दिले. आणि १९८६ साली बाहुल्यांसोबत विकल्या जाणाऱ्या पुस्तकांची एक माला निघाली, जिची १९०४ सालातील नायिका समँथा ही श्रीमंत घरची अनाथ मुलगी होती. बाहुलीच्या व्यापारासाठी लिहिलेले म्हणून ते वाङ्मय मोडीत काढावे असे मला वाटत नाही. कारखाने हे प्रगतीचे चिन्ह असे भाषण समँथा वक्तृत्वस्पर्धेसाठी तयार करते, पण कारखान्यात राबलेल्या नेली या मैत्रिणीकडून तेथली हकीकत ऐकल्यावर ते बदलते. आठ वर्षांच्या वाचकाला हा प्रसंग पुष्कळ काही शिकवून जातो.

१९९६ पासून निघालेल्या 'डिअर अमेरिका' या काल्पनिक रोजनिशींच्या मालेविषयी मात्र माझे मत इतके अनुकूल नाही. अशा पुस्तकांत आजचे मन कालच्या मुलाच्या तोंडून बोलू लागण्याचा धोका फार. या मालेतील १८८०च्या कार्लाइल येथील निवासी शाळेवरच्या पुस्तकावर मूळ अमेरिकी अभ्यासकांनी कडाडून टीका केली, कारण मूळ अमेरिकी मुलांना कुटुंबापासून तोडणाऱ्या त्या संस्थेचे चित्र त्यात सौम्य झाले होते, आणि पात्रांची नावे तेथील स्मशानातील थडग्यांवरून घेतली होती.

याउलट कॅरन हेस यांचे 'आउट ऑफ द डस्ट' (१९९७) मुक्तछंदात आहे. ओक्लाहोमातील धुळीच्या वादळांचा १९३४-३५चा काळ, त्यात भाजलेल्या हातांनी पियानोला पारखी झालेली मुलगी, आणि १४ एप्रिल १९३५चे ते काळे वादळ. ओळी तोकड्या, पण घास घेतला तरी दाताखाली धूळ लागते.

कादंबरी एकटीने इतिहास शिकवू शकत नाही. तिच्या शेजारी अस्सल दस्तऐवज ठेवावा लागतो. एलिझाबेथ विंथ्रप यांच्या 'काउंटिंग ऑन ग्रेस' (२००६) या कादंबरीचा उगमच एका छायाचित्रात आहे. बालमजुरीविरोधी राष्ट्रीय समितीसाठी काम करणाऱ्या लुइस हाइन यांनी ऑगस्ट १९१०मध्ये व्हर्माँटच्या नॉर्थ पाउनल येथील कापडगिरणीत एका अनवाणी, मळकट कपड्यांतल्या मुलीचे छायाचित्र घेतले. तिने आपले वय बारा सांगितले, सोबतच्या मुली दहा म्हणाल्या. १९९८ साली ते चित्र टपालाच्या तिकिटावरही झळकले; पण हाइन यांच्या नोंदीत तिचे आडनाव चुकलेले होते. कादंबरी लिहून झाल्यावर लेखिकेने जनगणनेची दप्तरे चाळली तेव्हा ती ॲडी कार्ड असल्याचे निष्पन्न झाले. वर्गात ही कादंबरी, ते छायाचित्र आणि जनगणनेचे पान ही तिन्ही एकत्र ठेवली, की कल्पना कोठे संपते आणि पुरावा कोठे सुरू होतो हे मूल स्वतः तपासू लागते. बालमजुरीला आळा घालणारा १९१६चा कायदा न्यायालयाने दोन वर्षांत रद्द केला आणि टिकाऊ कायदा व्हावयास १९३८ उजाडले, हे सनावळीतले वाक्यही मग त्याला कोरडे वाटत नाही.

२००१ नंतर वाचन आणि गणित यांच्या परीक्षांचा भार वाढून प्राथमिक शाळांत इतिहासाचा तास आक्रसत गेला. ज्या शिक्षकांनी तो वाचनाच्या तासात कादंबरीच्या रूपाने टिकवून धरला, त्यांचे ऋण मोठे आहे. पण त्यांचीही वाट सोपी राहिलेली नाही. ज्या ओक्लाहोमाची धूळ हेसबाईंनी घरोघरी पोहोचविली, त्याच राज्यात १९२१ साली टल्सा शहरातील ग्रीनवुड ही काळ्यांची भरभराटीची वस्ती गोऱ्या जमावाने जाळून टाकली होती, आणि शाळांच्या पुस्तकांतून ती घटना कित्येक दशके गायब होती. ॲना मायर्स यांची 'टल्सा बर्निंग' ही मुलांसाठीची कादंबरी २००२ साली आली. मे २०२१मध्ये, त्या जळिताची शताब्दी होत असतानाच, वंशविषयक काही गोष्टी वर्गात कशा मांडू नयेत हे सांगणारा कायदा त्या राज्याने केला. टल्सा अधिकृत अभ्यासक्रमात कायम आहे, आणि त्याला धरून शिकविण्यास आडकाठी नाही असे कायद्यातच म्हटले आहे. परंतु वस्ती जाळणाऱ्यांत कोण होते आणि का होते, असे वाचता वाचता एखाद्या मुलाने विचारले तर किती मोकळेपणाने बोलावे, हे शिक्षिकेला आता कायद्याची कलमे मनात ठेवून ठरवावे लागते. ते तिने मोकळेपणानेच सांगावे असे मला वाटते, आणि तसे सांगणाऱ्या शिक्षिकेच्या पाठीशी पालकांनी उघडपणे उभे राहावे.