ध्वनीचे पाट

बेंगळूरच्या उत्तरेस हेब्बाळचा तलाव आहे. तो भरला की जादा पाणी उताराने नागवाराच्या तलावाकडे वाहू लागते. त्यासाठी कोणाच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही. परंतु याच हेब्बाळ-नागवार खोऱ्यातील सांडपाणी शुद्ध करून, पंपांच्या बळावर, नळांवाटे चिक्कबळ्ळापूर भागातील तळ्यांकडेही नेले जाते. पहिली वाट जमिनीच्या उताराने ठरविली, दुसरी माणसाच्या गरजेने. ‘सेमी-मॉड्युलर सिंथेसायझर’ या विद्युत्-वाद्याचे मर्म या दोन वाटांच्या भेदात साठविलेले आहे.

या वाद्यात निरनिराळी कामे करणारे विभाग असतात. ऑसिलेटर नाद निर्माण करतो. फिल्टर त्यातील काही कंपने गाळून नादाचा पोत बदलतो. अँप्लिफायर त्याला लहानमोठा करतो. चौथा विभाग, एन्व्हलप, हा स्वतः वाजत नाही. स्वर कसा उमटावा, किती टिकावा आणि कसा विरावा, याचा आराखडा तो विजेच्या दाबाच्या रूपाने इतरांना पुरवितो. संपूर्ण मॉड्युलर यंत्रात हे विभाग सुटे असतात आणि तारा जोडल्यावाचून आवाज निघत नाही. सेमी-मॉड्युलर यंत्रात मात्र निर्मात्याने आतूनच एक वाट बांधून दिलेली असते. म्हणून पट्टी दाबताच ते वाजते. १९७१ साली बाजारात आलेले ‘आर्प २६००’ हे या जातीचे प्रसिद्ध वाद्य होय.

बांधलेली वाट मोडायची कशी? खटक्यांवरील बहुतेक छिद्रांत एक लवचीक पट्टी असते. तारेचे टोक आत शिरले की ती बाजूला सरते. आतला संबंध तुटतो आणि तारेतून येणारा संदेश पुढे जातो. शेतात दारे धरणारा शेतकरी मातीचा एक बांध फोडून दुसरा घालतो आणि पाणी नव्या वाफ्यात नेतो, त्यातलाच हा प्रकार. मात्र उपमा येथवरच चालते. पाणी दोन वाफ्यांत वाटले की प्रत्येकाला निम्मे मिळते. विजेचा दाब एका उगमातून दोन ठिकाणी नेला, तर दोघांनाही तो जवळजवळ पूर्ण पोहोचतो. उलटपक्षी, दोन उगम एकाच छिद्रात नुसते बांधून चालत नाहीत. त्यांना एकत्र करण्यासाठी मिक्सर मध्ये घ्यावा लागतो.

स्वराचा हिशेब फार नाजूक असतो. रॉबर्ट मूग यांच्या पद्धतीत दाब एक व्होल्टने वाढला की स्वर एक सप्तक चढतो: २४० कंपनांचा षड्ज ४८० वर, आणखी एका व्होल्टने ९६० वर. म्हणजे अर्ध्या स्वरास व्होल्टचा बारावा भाग, सुमारे ८३ मिलिव्होल्ट. तारेच्या फाट्यांत एवढ्याचाही अंश गळाला, तर वाद्य बेसूर होते. १९७८ च्या ‘कोर्ग एमएस-२०’ या वाद्याचा हिशेबच निराळा आहे. तेथे दाब दुप्पट झाला की स्वर दुप्पट होतो. म्हणून ही दोन घराणी सरळ जोडली की सूर जुळत नाहीत.

याच दाबात भारतीय संगीताला जवळची वाटावी अशी एक सोय दडलेली आहे. दाबाला बारा पट्ट्यांचे बंधन नाही. पट्टी आणि ऑसिलेटर यांच्यामध्ये दाबाची उडी संथ करणारा विभाग घातला, की तो पायरी न घेता सरकत जातो आणि मींड उमटते. सेकंदाला पाचसहा वेळा हलणारा मंद ऑसिलेटर स्वराला जोडला तर स्वर कंप पावतो. तोच वेग शेकड्यांवर नेला तर कंप ऐकू येईनासा होतो आणि नादाचा पोत घंटेसारखा पालटतो. जोडणी एकच, पण वेग बदलताच अर्थ बदलला! तंबोऱ्याचा आवाज मायक्रोफोनमधून घेऊन, पुरेसा वाढवून, फिल्टरमध्ये सोडणेही शक्य असते. मग ऑसिलेटरची वाट आपोआप बंद होऊन तंबोराच यंत्राचा कंठ होतो.

हा विषय भारताला परका नाही. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर उभारला. तो संपूर्ण मॉड्युलर होता. त्यावर गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी रचना केल्या. त्यानंतर त्या ध्वनिफिती कित्येक दशके संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. लंडनचे कलावंत पॉल पर्गस यांनी त्यांचा मागोवा घेतला आणि १९६९ ते १९७२ या काळातील निवडक रचना २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या.

यातून एक बोध घेण्याजोगा आहे. ध्वनिफीत नाद राखते, तारांची मांडणी राखत नाही. तार उपटली की वाट पुसली. पेटीला तिची आठवण नसते. म्हणून जाणता वादक तारा काढण्यापूर्वी कोणते टोक कोठे गेले आणि कोणता खटका किती अंशावर होता, याचे टिपण करून ठेवतो. सतारीचा बाज शिष्याच्या हातातून पुढे जातो. या वाद्याचा बाज जायचा तर कागदावरूनच जाणार. नादाची नवी वाट शोधणे ही प्रतिभा खरी. पण ती दुसऱ्याला सापडेल अशी लिहून ठेवणे, हेच परंपरेचे पहिले पाऊल होय.