परमाणूची घडण आणि किरण दिलेला आंबा

रत्नागिरीहून समुद्रकांठानें गणपतिपुळ्याकडे जाणारा रस्ता आरे-वारे येथून जातो. या बाजूचा बागाइतदार हापूस परदेशीं धाडूं लागला, कीं "किरण दिलेला आंबा बाधक तर होत नाहीं ना?" अशी शंका त्याच्या मनांत येते. शंका रास्त आहे. तिचें उत्तर परमाणूच्या घडणींत आहे.

प्रत्येक मूलद्रव्य परमाणूंचें बनलेलें असतें. परमाणूच्या मध्यभागीं केंद्रक असून त्यांत धनभारित प्रोटॉन व भाररहित न्यूट्रॉन असतात. केंद्रकाभोंवतीं ऋणभारित इलेक्ट्रॉन असतात. प्रोटॉनांच्या संख्येवरून मूलद्रव्य ठरतें: १९ प्रोटॉन म्हणजे पोटॅशियम, २७ म्हणजे कोबाल्ट. न्यूट्रॉनांची संख्या मात्र एकाच मूलद्रव्यांत कमीअधिक असूं शकते. अशा परमाणूंस समस्थानिक म्हणतात. एकाच कलमाचीं फळें वजनानें लहानमोठीं असावीं, तसें हें होय; रासायनिक गुण जवळजवळ तेच, वजन निराळें.

खनिजांतून मिळणाऱ्या कोबाल्टाच्या परमाणूंत ३२ न्यूट्रॉन असतात; २७ व ३२ मिळून ५९. हा परमाणु स्थिर आहे. अणुभट्टींत त्याच्या केंद्रकांत आणखी एक न्यूट्रॉन शिरला म्हणजे कोबाल्ट-६० तयार होतें. तें अस्थिर असून बीटा कण व गॅमा किरण सोडून निकेल बनतें. सुमारें ५.२७ वर्षांत त्याचा निम्मा सांठा असा पालटून जातो.

२००७ सालीं नाशिक जिल्ह्यांतील लासलगांवच्या 'कृषक' केंद्रांत याच गॅमा किरणांचा संस्कार केलेला हापूस अमेरिकेस रवाना झाला. त्यासाठीं किमान ४०० ग्रे मात्रेची अट होती. तिच्यामुळें कोयींत दडलेल्या भुंग्याची वीण खुंटते.

आतां मूळ शंका. कोबाल्ट बंद धातूच्या नळ्यांत असतें. फळास त्याचा स्पर्श होत नाहीं. फळांतून जातात ते केवळ किरण. ते इलेक्ट्रॉनांस धक्का देतात. परंतु केंद्रकांत फेरबदल करण्याइतकी शक्ति त्यांत नसते, आणि न्यूट्रॉन तर तेथें नसतातच. म्हणून आंबा किरणोत्सारी होत नाहीं. उलट पोटॅश खतांतील दर १०,००० पोटॅशियम परमाणूंपैकीं सुमारें एक पोटॅशियम-४० असून तो निसर्गतःच किरणोत्सारी आहे. तो प्रत्येक झाडांत, फळांत व आपल्या शरीरांतहि असतो.

मात्र किरणांनीं डागी फळ चांगलें होत नाहीं. मात्रा अति झाल्यास साल व गरहि बिघडतो. तेव्हां भीति सोडावी, परंतु तोडणी व निवड यांतील दक्षता सोडूं नये.