शेताची वाटणी आणि शेतांतील माती

आमचें लकडगंज म्हणजे लाकडाच्या वखारींची वस्ती. नांवच तें सांगतें. येथें व नागपूरच्या इतर भागांत राहणाऱ्या पांढरपेशा कुटुंबांपैकीं कित्येकांची वडिलार्जित शेती अद्यापि गांवीं आहे. कोणी ती मक्त्यानें दिलेली असते, कोणी बटाईनें. वर्षांतून एकदां पैसे किंवा धान्य घरीं आलें, कीं आपला शेतीशीं संबंध संपला असें आपण समजतों. मालकीचा कागद कपाटांत सुरक्षित असतो. परंतु ज्या वस्तूची ती मालकी, ती वस्तु दर पावसाळ्यांत शेतांतून निघून जात असते, हें घरांत कोणाच्या ध्यानींमनींही नसतें. ती वस्तु म्हणजे शेतांतील वरची माती.

संस्कृतांत सर्व पिकें देणाऱ्या भूमीला 'उर्वरा' अशी संज्ञा आहे. हें उर्वरापण जमिनीच्या सगळ्या खोलींत सारखें नसतें. बहुतेक कस वरच्या वीतभर थरांत असतो. पावसाळ्यांत कन्हान नदीला जें गढूळ पाणी येतें, त्यांतील गढूळपणा म्हणजे कोणाच्या तरी शेतांतला हाच थर होय. कन्हान वैनगंगेला मिळते. वैनगंगा व वर्धा यांच्या संगमापासून प्राणहिता होते. ती गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. सावनेर-पारशिवनीकडील शेतांतून सुटलेला कण असा थेट समुद्रापर्यंत जाऊं शकतो.

या हानीचा देशव्यापी अंदाज १९८३ सालीं ध्रुवनारायण व रामबाबू या शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केला. दर हेक्टरीं, म्हणजे सुमारें अडीच एकरांमागें, प्रतिवर्षीं सरासरी १६.३५ टन माती आपल्या जागेवरून सुटते. तिच्यापैकीं सुमारें २९ टक्के समुद्रांत जाते व १० टक्के धरणांच्या जलाशयांत सांचते. हेक्टरीं सोळा टन म्हणजे सव्वा मिलिमीटरांचा थर. एवढा थर गेलेला डोळ्यांस दिसत नाहीं. परंतु वीस वर्षांत तो एक इंच होतो, आणि एक इंच माती घडविण्यास निसर्गाला शतकें लागतात. आजोबांच्या हयातींत गेलेलें नातवाच्या हयातींत भरून येत नाहीं.

आपल्या काळ्या जमिनीचा स्वभावही येथें लक्षांत घेतला पाहिजे. उन्हाळ्यांत तिला भेगा पडतात, तेव्हां पहिलें पाणी ती भराभर पिते. पण एकदां भिजली कीं ती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी मुरण्याचा वेग अगदीं मंदावतो. त्या वेळीं शेत नुकतेंच पेरलेलें, म्हणजे जवळ जवळ उघडें असतें. पावसाच्या थेंबांचा मारा ढेकळें फोडतो, आणि न मुरलेलें पाणी तो चिखल घेऊन उतारानें धावूं लागतें. प्रथम जातात ते बारीक कण आणि कुजलेल्या पालापाचोळ्याचा अंश, म्हणजे नेमका कस. मागें उरते ती भरड, उपाशी माती. खताचा खर्च वाढतो, पीक वाढत नाहीं, आणि दोष नशिबाला दिला जातो.

आतां ज्यासाठीं हा लेख लिहिला, तो मुद्दा सांगतों. या नाशांत आपल्या घरांतील वाटणीपत्राचाही हात असतो. चार भाऊ शेत वाटून घेतात. प्रत्येकास वाट हवी आणि प्रत्येकास नाल्याचें पाणी हवें. वाट वरच्या अंगाला, नाला खालच्या. म्हणून शेताचे वरपासून खालपर्यंत उभे, लांबट पट्टे पाडतात. न्यायाच्या दृष्टीनें वाटणी निर्दोष होते. परंतु अरुंद पट्ट्यांत औत आडवें फिरविणें जिकिरीचें. त्यामुळें नांगर, वखर, तिफण सारीं उताराच्या दिशेनेंच चालतात. प्रत्येक तास ही पाण्यासाठीं आयती नाली होते. उतार जितका लांब तितकें पाणी अधिक व वेग अधिक. आणि वेग दुप्पट झाला तर पाण्याचा जोर चौपट होतो. पुढच्या पिढींत पट्टे आणखी अरुंद होतात. मुंबई राज्यांत १९४७ सालीं जमिनीचे तुकडे पडूं नयेत म्हणून कायदा झाला. त्यानें तुकड्याच्या क्षेत्राचा विचार केला. उताराची दिशा मात्र वाटणी करणाऱ्यांनींच पाहावयाची आहे.

ती पाहणें कठीण नाहीं. पट्टे उताराला आडवे पाडावेत. एका कडेनें सर्वांसाठीं सामाईक वाट ठेवावी. पण तीवर गवत राखावें, नाहींतर वाटेचाच ओहळ होईल. प्रत्येक हिश्शाच्या खालच्या धुऱ्यावर बांध घालून त्यावर वाळा लावावा. वाळ्याचीं मुळें खोल जातात आणि दाट जुंबाड गाळ अडवितें. काळ्या भारी जमिनींत पाणी तुंबून बांध फुटतो, म्हणून त्याला दगडी सांडवा अवश्य ठेवावा. समपातळीची रेषा काढण्यास गवंड्याची पाण्याची नळी पुरते. उभी वाटणी होऊन गेली असल्यास भावांनीं पेरणी तरी एकत्र व आडवी करावी आणि उत्पन्न क्षेत्राच्या प्रमाणांत वाटून घ्यावें. आडव्या पेरणींत डवऱ्याला दोरी गुंडाळून कपाशीच्या ओळींमधून सऱ्या काढल्या, तर पाणी जागच्या जागीं मुरतें. मात्र उभ्या पेरणींत त्याच सऱ्या माती वाहून नेतील.

कोणी म्हणेल, गाळ तलावांत सांचला तर काढून परत आणतां येईल. हा विचार जुना व चांगला आहे. गाळ शेतकऱ्यांस फुकट नेऊं द्यावा आणि शेतांचें पाणी बांधांनीं अडवावें, असें जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत सुचविलें होतें. २०१७ सालीं महाराष्ट्र सरकारनें 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजनाही सुरू केली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील मालगुजारी तलावांना तिचा विशेष उपयोग आहे. परंतु गाळ उपसून, गाडींत भरून, पुन्हां शेतांत पसरण्याचा खर्च धुऱ्यावरील बांधापेक्षां कितीतरी अधिक. आणि समुद्राला मिळालेली माती तर परत येतच नाहीं.

वर्षाच्या करारानें कसणारा मनुष्य दुसऱ्याच्या जमिनींत बांध घालील ही अपेक्षा व्यर्थ आहे. तो खर्च मालकाचा आहे. मक्त्याच्या रकमेंतून दरवर्षीं थोडा भाग त्यासाठीं बाजूला काढावा. २००५ च्या कायद्यानें कन्याही पुत्रांप्रमाणें समान हिस्सेदार झाल्या आहेत. तेव्हां घरांतील लेकीबाळींनींही या विचारांत भाग घ्यावा. पुढच्या ज्येष्ठांत एखादा मोठा पाऊस पडत असतांना आपल्या शेताच्या खालच्या टोकाला जाऊन उभे राहा. तेथून बाहेर पडणारें पाणी गढूळ असेल, तर वाटणींत न लिहिलेला एक हिस्सेदार आपला वाटा घेऊन चालला आहे असें समजावें.