थरथर नको, फक्त गारवा हवा
नाजूक उपकरणांच्या शीतकरणात कारागिरांना वाव

दुकानातल्या फ्रिजवर पाण्याने भरलेला पेला ठेवून पाहा. कॉम्प्रेसर सुरू झाला की पाण्यावर बारीक लहरी उठतात. दूध, मांस, शीतपेये यांना या थरथरीचे काही सोयरसुतक नसते. म्हणून फ्रिज दुरुस्त करणारा आपला कारागीरही तिच्याकडे फारसे लक्ष देत नाही. गारवा आला की काम झाले!

परंतु गारवा हवा आणि थरथर अजिबात नको, असे म्हणणारी गिऱ्हाइकेही आहेत. दुर्बिणीला लावायचा कॅमेरा, किरणोत्सार ओळखणारे यंत्र, प्रकाशाची छाननी करणारी उपकरणे ही त्यांपैकी काही. ती उचलून गाडीतून न्यावी लागतात आणि जागेवरच थंड करावी लागतात. हे काम कसे चालते, हे समजून घेणे आपल्या कारागिरांच्या आणि व्यापाऱ्यांच्या फायद्याचे आहे.

व्यापाऱ्याचा संबंध काय?

बंदरावर मालाचे कंटेनर किरणोत्सार तपासणाऱ्या फाटकातून जातात. सिरॅमिक टाइल्स, ग्रॅनाइट, काही खते यांत निसर्गतःच थोडा किरणोत्सार असतो. त्यामुळे निर्दोष मालावरही इशारा वाजू शकतो. हा किरणोत्सार टाइल्सचा की एखाद्या धोकादायक पदार्थाचा, हे ठरेपर्यंत माल अडकतो. माल अडकला की भाडे चढते आणि गिऱ्हाईक खोळंबते.

हा फरक सर्वांत चोख सांगणारे यंत्र म्हणजे जर्मेनियमच्या स्फटिकाचे. पण तो स्फटिक शून्याखाली दीडशे अंशांपेक्षाही बराच थंड असावा लागतो. पूर्वीपासून त्यासाठी उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन वापरतात. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी जो भांड्यातून नेतात, तोच हा. तो सतत उडून जातो, पुन्हा पुन्हा भरावा लागतो. बंदरावर किंवा रस्त्यावर हे जमणे कठीण. म्हणून यंत्रातच छोटा शीतक बसवण्याची पद्धत आली. मात्र शीतकाची थरथर स्फटिकापर्यंत आणि त्याच्या तारांपर्यंत पोहोचली, तर मुळातच अत्यंत क्षीण असलेल्या विद्युत संकेतात गोंधळ मिसळतो. जवळजवळच्या दोन खुणा एकच दिसू लागतात आणि निदान चुकण्याची भीती निर्माण होते.

पहिली वाट : घड्याळजीचा शोध

गारवा निर्माण करायला हलणारा भाग लागतोच असे नाही. हे प्रथम दिसले ते जाँ पेल्टियर या फ्रेंच माणसाला. त्यांचा जन्म १७८५चा आणि मूळ व्यवसाय घड्याळे बनवण्याचा. तिशीच्या सुमारास धंदा सोडून ते प्रयोगांकडे वळले. दोन वेगवेगळ्या धातूंच्या सांध्यातून वीज सोडली, तर एक सांधा गार होतो आणि दुसरा गरम, हे त्यांनी १८३४ साली जगासमोर मांडले. पुढे १८३८ मध्ये रशियातील लेन्झ यांनी अशा सांध्यावर पाण्याचा थेंब गोठवून दाखवला. विजेची दिशा उलटी करताच तोच थेंब वितळला! बिस्मथ टेल्युराइडसारखे पदार्थ विसाव्या शतकाच्या मध्यास हाती आले, तेव्हा ही युक्ती व्यवहारात उतरली.

आज बाजारात १२७०६ या क्रमांकाची पेल्टियर चकती सर्रास मिळते. तिच्यात १२७ जोड्या असतात आणि ती ६ अँपिअरची असते. आकार ४० मिलिमीटर चौरस. पिस्टन नाही, वायू नाही, आवाज नाही. दुर्बिणीच्या कॅमेऱ्यासाठी ही उत्तम. कॅमेऱ्याचा संवेदक गरम असला की अंधारातही खोटे ठिपके उमटवतो. साधारण दर ६ अंश गारव्याला हा दोष निम्मा होतो. म्हणजे ३० अंश थंड केले की तो बत्तिसाव्या हिश्श्यावर येतो.

मात्र हिशेब नीट समजून घ्यावा. समजा चकतीने थंड बाजूची २० वॅट उष्णता उपसली आणि त्यासाठी स्वतः ५० वॅट वीज खाल्ली. मग गरम बाजूला ७० वॅट बाहेर टाकावे लागतात. हीट सिंक न लावता चकती चालू केली, तर थोड्याच वेळात आतले सांधे वितळून ती निकामी होते. विजेच्या खर्चात ती कॉम्प्रेसरची बरोबरी करू शकत नाही, आणि जर्मेनियमला लागतो तेवढा गारवाही देऊ शकत नाही.

दुसरी वाट : समोरासमोर पिस्टन

जिथे अतिशय थंडी हवी, तिथे स्टर्लिंग शीतक वापरतात. रॉबर्ट स्टर्लिंग या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८१६ साली जे इंजिन काढले, त्याचेच हे उलटे रूप. आत हेलियम वायू आळीपाळीने दाबला आणि सैल सोडला जातो. पण पिस्टन आला की हादरा आलाच. त्यावर उपाय साधा आहे. हातगाडीला दोन माणसांनी समोरासमोरून सारख्या जोराने ढकलले, तर गाडी जागची हलत नाही. तसेच दोन पिस्टन एकमेकांसमोर ठेवून एकाच वेळी चालवतात. एकाचा धक्का दुसऱ्याच्या धक्क्याने फिटतो. २५ डिसेंबर २०२१ रोजी अवकाशात गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीच्या एका उपकरणाला उणे २६६ अंशांपर्यंत थंड ठेवणाऱ्या शीतकातही समोरासमोरच्या पिस्टनांचीच योजना आहे.

उरलीसुरली थरथर अडवायला तांब्याची वेणी कामी येते. शीतक आणि संवेदक यांच्यामध्ये जाड सळई न घालता बारीक तारांची लवचीक वेणी घालतात. उष्णता तीतून वाहते, हादरा मात्र वाटेतच जिरतो. १० सेंटिमीटर लांब आणि १ चौरस सेंटिमीटर तांबे असलेली वेणी, दोन टोकांत १० अंशांचा फरक असताना, सुमारे ४ वॅट उष्णता वाहून नेते. खरी कसोटी टोकांच्या जोडाची. जोड पोकळ राहिला तर सगळी मेहनत वाया. तांब्याचे आणि झाळकामाचे हुनर ज्यांच्या हातात आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

काम घेण्यापूर्वी

या कामात उतरू इच्छिणाऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पंखा हाच पेल्टियर यंत्रातला एकमेव हलणारा भाग. तो रबरी बैठकीवर बसवावा, किंवा उपकरणापासून दूर ठेवून उष्णता पाण्याच्या नळीने त्याच्यापर्यंत न्यावी.

चकतीला स्थिर डीसी वीज द्यावी. वरचेवर चालू-बंद केल्याने आतले सांधे तडकतात. स्क्रू सर्व बाजूंनी सारखे आवळावेत.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत थंड भागावर दव धरते. कडा सिलिकॉनने बंद कराव्यात, नाहीतर ओल शिरून चकती कुजते.

चकतीवर छापलेल्या क्रमांकावर विसंबू नये. घाऊक माल घेताना दोन-चार चकत्या प्रत्यक्ष जोडून अँपिअर मोजावेत.

हेलियम भरलेला स्टर्लिंग शीतक फ्रिजसारखा उघडू नये. तो दाबाखाली असतो आणि आत कणभर घाण गेली तरी कामातून जातो. त्याची बैठक, वेणी, पंखा, वायरिंग एवढेच काम आपले. ते गिऱ्हाइकाला आधीच स्पष्ट सांगावे.

काम सुरू करण्यापूर्वीचे आणि संपल्यावरचे तापमान वहीत टिपून त्याची नक्कल बिलासोबत द्यावी. कॉलेजची प्रयोगशाळा असो वा आकाशनिरीक्षणाचा छंद असलेला गृहस्थ, लाखमोलाचे उपकरण अनोळखी हातात देताना त्याचे मन धास्तावलेले असते. जो कारागीर ‘एवढे होईल, एवढे होणार नाही’ हे आधी सांगतो, त्याच्याकडे तो पुन्हा येतो.

या विद्येला मोठ्या कारखान्याची गरज नाही. एक चकती, हीट सिंक, पंखा, तापमापक आणि मीटर एवढ्यावर दुकानातच प्रयोग सुरू करता येतो. पहिली परीक्षाही घरचीच आहे. आपण बनवलेल्या शीतकावर पाण्याचा पेला ठेवा. पाणी निश्चल राहिले, तर समजा की काम जमू लागले.