घरातलं जुनं गाई-मेंढ्यांचं तैलचित्र: खरं की छापील? मोबाईलने असं तपासा

कारंज्याचा कापूस एकेकाळी शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूरमार्गे मुंबईकडे जायचा. त्या व्यापाराच्या काळातल्या एखाद्या घरात, माळ्यावर कुरणात चरणाऱ्या गाई-मेंढ्यांचं काळपट चित्र सापडलं, तर आपण काय करतो? लगेच गूगल लेन्स!

लेन्स कुठे कमी पडतं?

लेन्स तुमच्या फोटोतले आकार, रंग आणि रचना इंटरनेटवरच्या फोटोंशी जुळवून बघतं. पण मूळ तैलचित्र आणि त्याची छापील प्रत फोटोत जवळपास सारखीच दिसते. म्हणून स्क्रीनवर आलेली लाखांची किंमत तुमच्या चित्राची असेलच असं नाही. शिवाय ती बऱ्याचदा विकणाऱ्याने मागितलेली असते. चित्र प्रत्यक्षात कितीला विकलं गेलं, ते लिलावगृहांच्या निकालांत बघा.

जुन्या काळी 'ओलिओग्राफ' नावाची छपाई जोरात होती: एकेक रंग छापून वर वार्निश, की झालं तैलचित्रासारखं! राजा रविवर्मांचा छापखाना मुंबईत १८९४ मध्ये सुरू झाला, तो अशाच छपाईसाठी.

या चार गोष्टी तपासा

१. टॉर्च: अंधारात चित्राच्या बाजूने तिरपा उजेड टाका. ब्रशचे उंचवटे शिंग, पाठ, गवत यांच्या आकाराप्रमाणे वळतात का? सगळीकडे एकसारखा पोत असेल तर छपाईची शक्यता जास्त.

२. मॅक्रो कॅमेरा: गाईच्या डोळ्याचा जवळून फोटो घ्या. दाट, वेडेवाकडे ठिपके दिसले तर ओलिओग्राफ. जाळीसारखे नेमके ठिपके दिसले तर अलीकडची छपाई.

३. मागची बाजू: कापड, लाकडी चौकट, खिळे, दुकानाचं लेबल, शिक्का, सगळ्याचे फोटो काढा. चित्र कुठून आलं याचा पुरावा बहुतेक वेळा इथेच मिळतो.

४. सही: झूम करा. सहीचा रंग जुन्या भेगांमध्ये उतरला असेल, तर सही नंतर केलेली असू शकते.

आणि हो, ओल्या फडक्याने पुसू नका! रंगाचे पोपडे निघाले तर किंमतही गेली.

विकायच्या आधी

हे फोटो लिलावगृहाला ईमेल करा. व्हॉट्सॲपवर पाठवायचे असतील तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. नाहीतर फोटो दाबला जातो आणि बारीक ठिपकेच पुसट होतात.

"आधी रजिस्ट्रेशन फी भरा, मग चित्र घेतो" असं कोणी म्हटलं तर थांबा. जुन्या नोटा-नाण्यांच्या नावाने अशीच फी उकळणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये इशारा दिला होता. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

चित्र १०० वर्षांहून जुनं असेल, तर १९७२ च्या कायद्यानुसार ते पुरावस्तू ठरतं. खासगी व्यक्तीला ते परदेशात पाठवता येत नाही, गिऱ्हाईक कितीही डॉलर देवो.

मोबाईल किंमत ठरवणार नाही. पण भंगारवाल्याला पाचशे रुपयांत देण्याआधी नेमकं काय देतोय, हे तो नक्की दाखवतो.