अमावास्येची ओहोटी आणि होडीचा तळ

माझ्या धाकट्या मुलाने दोन वर्षे पैसे साठवून एक जुनी कयाक विकत घेतली. कयाक म्हणजे एका माणसाची लांब, निमुळती होडी. ही फायबरग्लासची, वजनाने पंचवीस किलोंच्या आसपास. गेल्या दिवाळीत जीपच्या टपावर बांधून ती आम्ही दापोली तालुक्यातल्या आमच्या गावी नेली. "आता घरात माणसांनी राहायचं की नावेनं?" असे सौ.ने विचारलेच; पण ते असो.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी खाडी काठोकाठ भरलेली होती. चिरंजीव पायरीवरूनच होडीत बसले आणि वल्हवत निघाले. लक्ष्मीपूजन अमावास्येला येते, अमावास्येला समुद्राला उधाण असते, आणि भरती जितकी चढते तितकीच ओहोटी खोल जाते. शाळेत शिकलेले हे सारे मी त्या दिवशी साफ विसरलो होतो. दिवेलागणीला मुलगा परतला तेव्हा पायरी आणि पाणी यांच्यामध्ये शे-दीडशे पावले नुसता खडक पसरला होता, आणि त्या खडकावर सुरीसारख्या धारेची कालवे!

घरी पूजा खोळंबली होती. माझी कंबर उचलाउचलीच्या कामाची नाही. आम्ही नाकाची दोरी धरली आणि होडी ओढत वर आणली. खरखर आवाज येत होता. पण अंधारात पाहणार कोण?

पाडव्याच्या सकाळी मुलगा पुन्हा खाडीत गेला. अर्ध्या तासाने काठावरून मला दिसले, की होडीचे शेपूट खाली बसते आहे. त्याच्या अंगात तरंगते जाकीट होते, तरी माझ्या पोटात गोळा उठला. सुदैवाने शेजारून एक म्हातारे तांडेल मचवा घेऊन येत होते. त्यांनी मुलाला हात दिला आणि होडी काठाला लावली.

ती उपडी केली तेव्हा सारे कळले. पुढून उचलून ओढले, की सगळा भार शेपटाकडच्या वीतभर जागेवर येतो. तिथला वरचा गुळगुळीत थर सोलून निघाला होता, आतले काचेचे धागे उघडे पडले होते आणि त्यांतून पाणी झिरपत होते.

"साहेब, होडी कोरड्या दगडावर ओढू नये," तांडेल म्हणाले, "खाली काहीतरी द्यावं." त्यांनी माडाच्या झावळ्यांचे तीन जाड दांडे आणले, पाण्यात भिजवले आणि वाटेत आडवे टाकले. होडी त्यांवरून अलगद सरकली. मागचा दांडा मोकळा झाला, की तो उचलून पुढे ठेवायचा. मोठ्या होड्या ओंडक्यांवरून घेतात, तीच ही युक्ती!

तेव्हापासून आम्ही काही नियम पाळतो. आधी होडीतले पाणी आणि सामान काढावे. दोघे असतील तर एकाने नाक, एकाने शेपूट धरून ती उचलावीच. सीलच्या कातड्याची कयाक करणारे ग्रीनलंडचे शिकारीसुद्धा ती उचलूनच नेत. खडकावर कातडे फाटले तर जिवाशी गाठ! एकटे असाल तर दोनचाकी गाडा वापरावा. वाळूसाठी त्याची चाके रुंद हवीत. तेही नसेल तर जुना गालिचा अथवा गोणपाट अंथरावा.

मुंबईला परतल्यावर आम्ही ती जागा धुऊन पूर्ण वाळवली, पॉलिशपेपरने घासली आणि काचेचे कापड रेझिनने चिकटवले. हे काम उघड्यावर, हातमोजे घालूनच करावे. त्यावर आणखी एक जाड पट्टी बसवली. झिजायचीच असेल तर ती झिजो, तळ राहो! मात्र तुमची होडी पॉलिथिलीनची असेल तर रेझिनच्या नादी लागू नका. ते त्यावर धरत नाही. तिथे त्याच जातीचे प्लॅस्टिक उष्णतेने वितळवून जोडावे लागते.

यंदाही होडी गावी येणार आहे. भरती-ओहोटीच्या वेळा मी कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवल्या आहेत. सौ.ने त्याखाली आपल्या अक्षरात एक ओळ जोडली आहे : "पूजेची वेळ सात. होडीसकट घरी या."