मालकही तोच, कर्जदारही तोच

चिलीमध्ये 1982 साली बँका कोसळल्या, त्याचं खापर बहुतेक वेळा डॉलरवर फोडलं जातं. डॉलरचा हात होताच. पण बँका आधीच आतून पोखरल्या गेल्या होत्या, आणि पोखरायला सुरुवात झाली ती त्या विकल्या गेल्या तेव्हापासून.

1973च्या लष्करी उठावानंतर पिनोशे राजवटीने अर्थकारण शिकागो विद्यापीठात शिकून आलेल्या तज्ज्ञांच्या हाती दिलं. 1975पासून व्याजदर मोकळे झाले, सरकारी बँका विक्रीला निघाल्या. थोडी रक्कम रोख, बाकीची हप्त्यांनी. व्हियाल, क्रुसात-लाराईन अशा मूठभर उद्योगसमूहांनी त्या घेतल्या. मग लोकांच्या ठेवींतून समूहाच्याच कंपन्यांना कर्जं मिळू लागली आणि त्याच पैशातून विक्रीला निघालेले सरकारी उद्योग घेतले जाऊ लागले. हप्ता थकला की व्याज मुदलात मिळवून नवं कर्ज दाखवायचं. कागदोपत्री सगळं ठणठणीत. बँकेचा मालकच कर्जदार असेल तर वसुलीला जायचं कोणाच्या दारात? 1977च्या सुमारास ओसोर्नो बँक बुडायला आली, तेव्हा सरकार ठेवीदारांच्या मदतीला धावलं. ते योग्यच होतं. पण देखरेख मात्र ढिलीच राहिली.

जून 1979मध्ये एका डॉलरला 39 पेसो हा दर बांधला गेला. डॉलरमधलं कर्ज स्वस्त वाटू लागलं आणि परदेशी पैशाचा लोंढा आला. जून 1982मध्ये तो दर सोडावा लागला आणि कर्जं पेसोत एकदम फुगली. त्या वर्षी राष्ट्रीय उत्पन्न सुमारे 14 टक्क्यांनी घटलं. 13 जानेवारी 1983 रोजी सरकारने बँको दे चिले आणि बँको दे सांतियागो या बड्या खासगी बँकांसह अनेक बँका ताब्यात घेतल्या. खासगी बँकांच्या परदेशी कर्जाची हमीही पुढे सरकारनेच घेतली. बाजारावर सगळं सोडणाऱ्यांनी अखेर तोटा जनतेच्या माथी मारला, हे मला अक्षम्य वाटतं. मालकाशी संबंधित कर्जांना कडक लगाम घालणारा कायदा आला 1986मध्ये. बँको दे चिलेच्या बचावाचं देणं फिटायला 2019 उजाडलं.

हा धडा भारतालाही लागू आहे. नोव्हेंबर 2020मध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेच्या एका अंतर्गत कार्यगटाने मोठ्या उद्योगसमूहांना बँका काढू देण्याची शिफारस केली होती. वर्षभराने रिझर्व्ह बँकेने इतर अनेक शिफारशी स्वीकारल्या, ही मात्र विचाराधीन ठेवली. ती पुन्हा पुढे आली, तर ठेवीदारांनी तिला ठामपणे विरोध करावा.